पृथ्वीभोवतीच्या लोखंडाचा जन्मदाखला
(व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावर विजयदुर्गापाशी जमिनीवर आली आणि दख्खन ओलांडून ईशान्येकडे निघून गेली. विजयदुर्गाला सर नॉर्मन लॉकियर यांनी तळ ठोकला होता आणि ‘मेल्पोमिनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी त्यांच्या दुर्बिणी नि कॅमेरे हाताळायला मदतीला होते. याच लॉकियरांनी १८६८च्या ग्रहणात विजयदुर्गावरून हेलियम शोधला, अशी कथा आपल्याकडे अजूनही सांगतात. प्रत्यक्षात १८६८ साली ते इंग्लंडमध्येच होते आणि ग्रहणाची वाट न पाहता त्यांनी तिथूनच हेलियमची ती पिवळी रेषा पाहिली. विजयदुर्गाशी त्यांचा संबंध तीस वर्षांनंतरचा, आणि त्या वेळी तिथे जे मोजले गेले ते हेलियमच्या कथेइतकेच मोलाचे आहे.

त्या दिवशी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरलाही वेधशाळाच उभी राहिली होती. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल तिथे आले होते आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगामवाला आपली उपकरणे घेऊन हजर होते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. सूर्याच्या प्रभामंडलात १८६९पासून एक हिरवी रेषा दिसत असे आणि ती लोखंडाच्या एका परिचित रेषेशी जुळते, असा समज होता. विजयदुर्ग आणि जेऊर इथल्या छायाचित्रांनी तो समज मोडला. रेषेची तरंगलांबी ५३१७ अँगस्ट्रॉम नसून सुमारे ५३०३ भरली. म्हणजे हे लोखंड नव्हे, पृथ्वीवर न सापडलेले काही तरी असणार! ‘कोरोनियम’ हे नाव त्या काल्पनिक मूलद्रव्याला चिकटून राहिले.

उलगडा व्हायला आणखी चार दशके लागली. जर्मनीचे वाल्टर ग्रोट्रियान यांनी १९३९मध्ये दिशा दाखवली आणि स्वीडनचे बेंग्ट एडलेन यांनी १९४२च्या सुमारास सिद्धच करून टाकले की ती हिरवी रेषा लोखंडाचीच आहे. फरक एवढाच की त्या लोखंडाच्या अणूने आपल्या २६ इलेक्ट्रॉनांपैकी १३ गमावलेले असतात. इतके इलेक्ट्रॉन उडवून लावायला दहा-वीस लाख अंश तापमान लागते. सूर्याचा पृष्ठभाग सहा हजार अंशांच्या आत आणि त्याच्या वरचे प्रभामंडल लाखो अंशांचे, हे कोडे तिथून सुरू झाले आणि ते आजही सौरभौतिकीत ठाण मांडून बसले आहे.

आजच्या व्याख्यानाचा विषय सूर्य नाही. विषय आहे पृथ्वीच्या आसपासच्या अवकाशात फिरणारे धातूंचे जड आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले अणू: लोखंड, मॅग्नेशियम, सोडियम, कॅल्शियम, ॲल्युमिनियम आणि त्यांच्या जोडीने येणारे सिलिकॉन. ते कुठून येतात? हिरव्या रेषेची गोष्ट आधी सांगितली, कारण उत्तराची किल्ली तिच्यात आहे. लोखंडाचा अणू सगळीकडे सारखाच. त्याने किती इलेक्ट्रॉन गमावले, हे मात्र तो कुठे तापला यावर ठरते. आयनाचा विद्युतभार हा त्याचा जन्मदाखला असतो.

सूर्यापासून सुरुवात करू. प्रभामंडलातून वायू सतत बाहेर वाहत असतो. त्याला सौरवात म्हणतात. सूर्याजवळ तो दाट असतो तोवर आयन आणि इलेक्ट्रॉन एकमेकांवर आदळत राहतात, भार बदलत राहतात. काही सौरत्रिज्या पुढे गेल्यावर वायू इतका विरळ होतो की धडका थांबतात आणि भार तिथेच गोठतो. पुढच्या पंधरा कोटी किलोमीटरच्या प्रवासात, म्हणजे साधारण चार दिवसांत, तो बदलत नाही. म्हणून पृथ्वीजवळ पोचणाऱ्या सौर लोखंडावर सहसा आठ ते बारा इलेक्ट्रॉनांची तूट असते. त्याचे प्रमाण अगदी थोडे, दर दहा हजार प्रोटॉनांमागे एखादासुद्धा नाही. पण सौरवात अखंड वाहतो, त्यामुळे थोड्याचेही बरेच होते.

आता दुसरे टोक. एकच इलेक्ट्रॉन गमावलेले लोखंड. लाखो अंश तापलेल्या जागी असा आयन टिकूच शकत नाही. तो दिसला की समजावे, हा थंड मुलखातला आहे. असा थंड मुलूख आपल्या डोक्यावर अवघ्या शंभर किलोमीटरवर आहे.

अवकाशातून पृथ्वीवर रोज धूळ पडते. किती, यावर बराच काळ मतभेद होते; जुने अंदाज काही टनांपासून शेकडो टनांपर्यंत पसरलेले होते. लीड्स विद्यापीठातल्या जॉन प्लेन यांच्या गटाशी जोडलेल्या अलीकडच्या दोन अभ्यासांत दिवसाला सुमारे ४३ टन आणि सुमारे २८ टन असे आकडे आले आहेत. यातली फार थोडी धूळ डोळ्यांना उल्का म्हणून दिसते. बहुतेक कण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढे, आणि त्यांतला मोठा वाटा गुरूच्या प्रभावाखाली फिरणाऱ्या धूमकेतूंनी मागे सोडलेला. सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने ते हवेत शिरतात, तापतात, वितळतात आणि त्यांचे अणू सुटे होऊ लागतात. सगळे एकदम सुटत नाहीत. सोडियम आणि पोटॅशियम आधी उडून जातात, मग लोखंड, मॅग्नेशियम, सिलिकॉन, आणि कॅल्शियम नि ॲल्युमिनियम सर्वांत शेवटी. हे सारे ८० ते १०५ किलोमीटरच्या पट्ट्यात घडते. तिथे धातूंच्या अणूंचे थर कायम असतात. सोडियमच्या थराची पिवळी चमक व्हेस्टो स्लायफर यांनी १९२९मध्ये रात्रीच्या आकाशाच्या वर्णपटात नोंदवली. आज मोठ्या दुर्बिणी त्याच थरावर ५८९ नॅनोमीटरचा लेसर टाकून कृत्रिम तारा उभा करतात आणि त्याच्या लुकलुकण्यावरून हवेची थरथर दुरुस्त करतात. तिरुपतीजवळच्या गादंकी इथेही सोडियम लिडारने, म्हणजे लेसरच्या रडारने, हा थर न्याहाळला जातो.

धातूंचे आयन होतात कसे, हे रसायनशास्त्र फार सुंदर आहे. काही अणू धडकेतच इलेक्ट्रॉन गमावतात, पण बहुतेकांचा इलेक्ट्रॉन काढून घेतला जातो. त्या उंचीवर नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजनच्या रेणूंचे आयन मुबलक असतात. नायट्रिक ऑक्साइडचा इलेक्ट्रॉन काढायला ९.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, ऑक्सिजनच्या रेणूचा काढायला १२, लोखंडाचा मात्र ७.९, मॅग्नेशियमचा ७.६ आणि सोडियमचा ५.१. त्यामुळे भेट झाली की धातूच इलेक्ट्रॉन देऊन बसतो, रेणू पुन्हा उदासीन होतो आणि भार धातूच्या अंगावर येतो.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. रेणूचा आयन इलेक्ट्रॉनला भेटला की रेणू फुटतो, सुटलेली ऊर्जा दोन तुकडे वाटून घेतात आणि काम तमाम होते. अशा आयनाचे आयुष्य मिनिटांत मोजावे लागते. एकट्या अणूला फुटायची सोय नाही. जास्तीची ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने टाकावी लागते आणि ही क्रिया अतिशय मंद. म्हणून शंभर किलोमीटरच्या वरचा धातूचा आयन दिवसचे दिवस टिकतो. संख्येने किरकोळ असलेले हे आयन केवळ टिकाऊपणाच्या बळावर सगळ्या थराचे वागणे बदलतात.

रेडिओवाल्यांना याचा अनुभव कधीचा आहे. अयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित वरच्या भागात, शंभर-सव्वाशे किलोमीटरवर अधूनमधून एक पातळ, दाट थर अचानक तयार होतो आणि एरवी सरळ अवकाशात निघून जाणाऱ्या टीव्ही-एफएमच्या लहरी परतवतो; मग हजार-दीड हजार किलोमीटरवरचे केंद्र घरात ऐकू येते. याला ‘स्पोरॅडिक ई’ म्हणतात. जॉन व्हाइटहेड यांनी १९६१मध्ये त्याचे कारण मांडले. वेगवेगळ्या उंचीवर उलट दिशांनी वाहणारे वारे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात आयनांना वरून आणि खालून ढकलून एका पट्ट्यात दाबतात. पण दाबून ठेवेपर्यंत आयन जगायला हवेत. रेणूंचे जगत नाहीत, धातूंचे जगतात. साठच्या दशकात सोव्हिएत संघात इस्टोमिन यांनी आणि अमेरिकेत नार्सिसी यांनी अग्निबाणांवर वस्तुमानमापक चढवून त्या थरातून नेले, तेव्हा आत खरोखरच मॅग्नेशियम आणि लोखंड सापडले. हा मुलूख मोठा अवघड आहे. फुगा तिथवर चढत नाही, उपग्रह इतक्या खाली टिकत नाही. अग्निबाण काही मिनिटांत आरपार निघून जातो. शिवाय मॅग्नेशियम आणि लोखंडाच्या आयनांच्या मुख्य रेषा अतिनील भागात असल्याने ओझोन त्या खालपर्यंत येऊच देत नाही. मानवाला इतक्या जवळ असलेला धातूंच्या आयनांचा हा साठा म्हणूनच इतका उशिरा समजला.

शंभर किलोमीटरवरचे लोखंड तिथेच राहिले असते तर विषय इथे संपला असता. ते वर चढते. १९७०मध्ये हॅन्सन आणि सनातनी यांनी ‘ओगो-६’ या उपग्रहाच्या नोंदींतून दाखवले की अयनांबराच्या सर्वांत दाट थराच्याही वर, काहीशे किलोमीटरवर, उल्कांचे आयन आहेत. चुंबकीय विषुववृत्तावर दिवसा विद्युतक्षेत्र पूर्वेकडे आणि चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे आडवे असते. दोन्ही मिळून आयनांना सरळ वर उचलतात. भारताच्या दक्षिण टोकावरून ही चुंबकीय विषुववृत्ताची रेषा जाते. थुंब्याचा अग्निबाण तळ तिथे उभारला गेला तो याच कारणाने.

थुंब्याचा उल्लेख आला, तर एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून उडालेल्या पहिल्या नाइकी-अपाची अग्निबाणात सोडियमची वाफ भरलेली होती. संध्याप्रकाशात तो नारिंगी पट्टा आकाशात पसरला आणि वरच्या हवेतल्या वाऱ्यांची छायाचित्रे घेता आली. भारताच्या अवकाश कार्यक्रमाचे पहिले पाऊल म्हणजे वरच्या हवेत हेतुपूर्वक सोडलेला धातू होता. जगभर असे प्रयोग झाले. बेरियम त्यासाठी विशेष सोयीचे, कारण सूर्यप्रकाशात ते काही सेकंदांत आयन होते आणि जांभळट ढग चुंबकीय रेषांबरोबर ताणला जाताना दिसतो. सप्टेंबर १९८४मध्ये ‘ॲम्प्टी’ मोहिमेत पृथ्वीच्या चुंबकीय कवचाबाहेर सौरवातात दोनदा लिथियम सोडले गेले आणि आतल्या बाजूला दुसरा उपग्रह टपून बसवला. सौरवातातले आयन आत शिरतात तर त्यांतले लिथियम सापडायला हवे होते. ते सापडले नाही. बाहेरून आत येण्याची वाट समजली होती तितकी सरळ नाही, हा धडा त्या नकारातून मिळाला.

त्याआधी बारा-तेरा वर्षे एका वेगळ्या शोधाने हाच समज हादरला होता. पृथ्वीभोवतीच्या चुंबकांबरातले, म्हणजे तिच्या चुंबकीय कवचातले, ऊर्जावान आयन सूर्याकडूनच येतात, असे साठच्या दशकात जवळपास सर्वजण धरून चालत. १७ डिसेंबर १९७१च्या चुंबकीय वादळात ध्रुवीय कक्षेतल्या एका उपग्रहावरच्या उपकरणाने वरून खाली कोसळणारे जड आयन मोजले. शेली, जॉन्सन आणि शार्प यांनी १९७२मध्ये ते प्रसिद्ध केले. ते ऑक्सिजनचे होते आणि प्रत्येकावर एकच भार. सौर ऑक्सिजन सहा-सात इलेक्ट्रॉन गमावलेला असतो. म्हणजे हा ऑक्सिजन पृथ्वीचाच. हवेतून वर गेलेला, वादळात वेग घेतलेला आणि परत येणारा. जन्मदाखला वाचता आला म्हणून एका वादळाने जुनी समजूत उलटली.

लोखंडाच्या बाबतीत हे होणे अधिक कठीण. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातून सुटायला ऑक्सिजनच्या आयनाला दहा इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात, लोखंडाला छत्तीस. थंड मुलखातल्या आयनाकडे त्याचा शतांशही नसतो. ही ऊर्जा ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातले विद्युतक्षेत्र आणि तिथल्या लहरी पुरवतात, तेही वादळाच्या काळात. म्हणून चुंबकांबरात एकच भार असलेले लोखंड सापडेल का, ही शंका रास्त होती.

ते सापडले. जपान आणि अमेरिकेने १९९२मध्ये सोडलेल्या ‘जिओटेल’ उपग्रहावर ‘स्टिक्स’ नावाचे उपकरण होते. त्याची रीत अशी: आधी विद्युतक्षेत्रातून वळवून आयनाची ऊर्जा आणि भार यांचे गुणोत्तर ठरवायचे, मग अतिशय पातळ कार्बनच्या पापुद्र्यातून जाऊ द्यायचे, पापुद्र्यावर उडालेल्या इलेक्ट्रॉनांनी घड्याळ सुरू करायचे, पलीकडच्या शोधकावर आदळला की थांबवायचे आणि उरलेली ऊर्जा तिथेच मोजायची. तीन मोजमापांतून वस्तुमान आणि भार दोन्ही वेगळे होतात. स्टीफन क्रिस्टन आणि सहकाऱ्यांनी सुमारे २१ वर्षांच्या नोंदी चाळून २०१७मध्ये जाहीर केले की पृथ्वीच्या नऊ ते तीस त्रिज्यांच्या अंतरावर एकाच भाराचे लोखंड आहे. अत्यंत तुरळक, पण निःसंशय आहे.

त्यांनी तीन संभाव्य उगम तपासले. पहिला, शंभर किलोमीटरवरच्या थरांतून सुटलेले लोखंड. दुसरा, सौर लोखंडाने पृथ्वीच्या बाह्य हवेतल्या हायड्रोजनकडून एकेक इलेक्ट्रॉन घेत भार कमी करत नेणे. सात ते अकरा पायऱ्या उतरून एकावर यायचे म्हणजे मधल्या भारांचेही लोखंड भरपूर दिसायला हवे, त्यामुळे हा मार्ग कमकुवत ठरला. तिसरा, सूर्याजवळच्या धुळीशी झटापट होऊन तयार झालेले आणि सौरवाताने वाहून आणलेले एकभारी लोखंड. या तिसऱ्या उगमाचा हिस्साही फारसा नसावा, असे दिसले. चुंबकीय हालचाल वाढली की हे लोखंड जास्त दिसते, त्यामुळे पारडे पृथ्वीकडे झुकते. धूमकेतूने टाकलेली धूळ हवेत जळते, तिचे लोखंड काही दिवस थरात राहते आणि एखाद्या वादळात लाख-दोन लाख किलोमीटर वर फेकले जाते, ही विज्ञानाने अलीकडे मांडलेल्या अतिशय थरारक शक्यतांपैकी एक आहे.

युरोपच्या ‘क्लस्टर’ मोहिमेच्या चार उपग्रहांनीही लोखंड आणि सिलिकॉनच्या ऊर्जावान आयनांची अनेक वर्षे मोजदाद केली. ही मोहीम तशी जिद्दीची. पहिले चारही उपग्रह ४ जून १९९६ला ‘एरियान-५’च्या पहिल्याच उड्डाणात नष्ट झाले, पुन्हा बांधून २००० साली पाठवले. त्यांच्या ‘रॅपिड’ उपकरणाला फिरता आलेल्या जवळपास साऱ्या प्रदेशात हे आयन भेटले. सिलिकॉनची एक अडचण मात्र सांगायला हवी. त्याचे वस्तुमान २८, नायट्रोजनच्या रेणूचेही २८. भार एकच असला तर दोघांना वेगळे करणे साध्या उपकरणाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

चंद्राचाही वाटा विचारात घ्यावा लागतो. सूर्यप्रकाश, सौरवात आणि सूक्ष्म उल्का चंद्राच्या पृष्ठभागावरून अणू उडवत असतात. पॉटर आणि मॉर्गन यांनी १९८८मध्ये चंद्राभोवती सोडियम आणि पोटॅशियम पाहिले. नोव्हेंबर १९९८मध्ये सिंह राशीतल्या उल्कावर्षावाच्या वेळी बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांना रात्रीच्या आकाशात सोडियमचा एक अंधूक डाग दिसला. अमावास्येच्या आसपास चंद्राची सोडियमची शेपटी पृथ्वीला वेढून जाते आणि पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण तिला पलीकडे एकत्र आणते, त्याचा तो डाग. ‘चांद्रयान-२’च्या ‘क्लास’ उपकरणाने २०२२मध्ये चंद्रपृष्ठावरच्या सोडियमचा नकाशा दिला, तेव्हा या शेपटीच्या मुळाशी असलेला साठाही हाती लागला.

फार दुरून येणारे लोखंडही आहे, आणि ते ओळखण्याच्या कामात मुंबईचा मोठा वाटा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या सुकुमार बिस्वास यांच्या गटाने ‘अनुराधा’ नावाचे उपकरण तयार केले. २९ एप्रिल १९८५ रोजी ते ‘चॅलेंजर’मधून स्पेसलॅब-३बरोबर गेले आणि आठवडाभर विश्वकिरण टिपत राहिले. त्यात विशिष्ट प्लास्टिकच्या चकत्यांचे थर होते. जड आयन प्लास्टिकमधून गेला की सूक्ष्म माग उरतो आणि रासायनिक प्रक्रियेने तो मोठा करून मोजता येतो. खालचा गठ्ठा सावकाश फिरत असे, त्यामुळे वरच्या आणि खालच्या मागातल्या कोनावरून आयन कधी आला हे कळे. वेळ कळली की यान कुठे होते ते कळते, आणि तिथले पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र किती भाराच्या आयनाला आत येऊ देईल याचे गणित मांडता येते. अख्ख्या पृथ्वीचे चुंबकत्व मोजपट्टीसारखे वापरणारी ही रीत कल्पकतेची होती. कमी ऊर्जेच्या काही जड आयनांवरून सगळे इलेक्ट्रॉन उतरलेले नसल्याचे तिच्यातून दिसले.

गेल्या काही वर्षांत या हिशेबात एक नवा उगम आला आहे आणि त्याविषयी गांभीर्याने बोलण्याची वेळ झाली आहे. कक्षेतले हजारो उपग्रह आयुष्य संपले की वातावरणात जाळले जातात. २०२३मध्ये डॅनियल मर्फी आणि सहकाऱ्यांनी अलास्कावरून उडवलेल्या विमानाने स्थितांबरातले कण गोळा करून एकेक तपासले. १२० नॅनोमीटरपेक्षा मोठ्या गंधकाम्लाच्या कणांपैकी सुमारे दहा टक्के कणांत अवकाशयानांच्या जळण्यातून आलेले ॲल्युमिनियम आणि इतर धातू होते. लिथियम, ॲल्युमिनियम, तांबे आणि शिसे या चार धातूंचा मानवी पुरवठा अवकाशातल्या धुळीपेक्षा जास्त झाला आहे. नायोबियम आणि हाफ्नियमही मिळाले. उल्कांत ते नगण्य असतात, रॉकेटच्या मिश्रधातूंत मात्र भरपूर. क्लस्टरचा पहिला उपग्रह ८ सप्टेंबर २०२४ रोजी दक्षिण पॅसिफिकवर जळाला, तेव्हा लोखंड-सिलिकॉन मोजणाऱ्या मोहिमेचाच धातू या साठ्यात मिसळला.

उपग्रह उल्केपेक्षा सावकाश येतो, सेकंदाला साधारण पावणेआठ किलोमीटरने. तो धातूंच्या नैसर्गिक थरांच्या खाली वितळतो आणि त्याचे ॲल्युमिनियम बहुतेक ऑक्साइडचे कण होऊन खाली उतरते. त्यामुळे चिंतेचे पहिले ठिकाण ओझोन आणि स्थितांबर आहे. तरी अयनांबराचा हिशेब बाजूला ठेवता येणार नाही. उल्कांतल्या ॲल्युमिनियमचे प्रमाण शेकडा एक-दोनच आहे, आणि तो आधार इतका लहान आहे की वर गेलेला छोटा अंशही त्यात उठून दिसेल. ॲल्युमिनियमचे वस्तुमान २७, सिलिकॉन आणि नायट्रोजनच्या रेणूचे २८. आजवरच्या चुंबकांबरातल्या मोहिमांची उपकरणे या शेजाऱ्यांना निवडण्यासाठी बनवलेलीच नव्हती. जिओटेलचे काम २०२२मध्ये थांबले, क्लस्टरचे २०२४मध्ये. २७ आणि २८ वेगळे सांगू शकेल असा मापक विषुववृत्तीय कक्षेत आणि थुंब्याच्या अग्निबाणांवर लवकर जायला हवा, कारण मानवी ॲल्युमिनियम वाढण्यापूर्वीची नैसर्गिक पातळी मोजायची असेल तर ती आताच मोजता येईल.